वाई व मेणवली येथील जुन्या वास्तू : प्रचलित वर्णनांचे परीक्षण

कृष्णाकाठचे वाई हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस नव्याने ओळख करून द्यावे असे नाही. गोपिकाबाईंच्या माहेरच्या रास्ते घराण्याची देवळे येथे आहेत. प्राज्ञपाठशाळा व मराठी विश्वकोश यांचे हे गाव. आणि राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ सालचा पहिला खंड ज्या कागदांवरून सिद्ध झाला ते कागदही याच गावातील एका वाड्यात सापडले. असे असता येथील घाट, देवळे व वाडे यांच्याविषयी जे जे छापले गेले आहे ते एकत्र ठेवून वाचू लागले म्हणजे मन उदास होते. बहुतेक सर्व वर्णने एकमेकांची नक्कल आहेत, आणि नकलेची मूळ प्रत शोधू गेले असता ती जेम्स कॅम्बेल यांनी संपादन केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या १८८५ सालच्या सातारा खंडापाशी येऊन थांबते. १९६३ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटिअरनेही या बाबतीत जुन्या खंडाचीच री ओढली आहे. क्षेत्रमाहात्म्याच्या पुस्तिका, प्रवासी लोकांकरिता केलेली टिपणे व देवळांच्या दारांवरील पाट्या यांची कथा याहून निराळी नाही. विराटनगरीची पौराणिक आख्यायिका व १७६२ हे साल एकाच वाक्यात, एकाच निश्चयाने सांगण्याची या लेखकांस सवय जडली आहे.

या वर्णनांचे परीक्षण करण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. आज जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा विचार जो तो बोलू लागला आहे, दुरुस्तीची कामे निघतात, त्यांस पैसा मिळतो, आणि कोणती वास्तू कोणत्या काळची, मूळची कशी होती, तिच्यात नंतर काय भरले गेले, हे ठरविण्यास आधार म्हणून हीच वर्णने पुढे करण्यात येतात. आधार कच्चा असेल तर दुरुस्तीही कच्ची होणार. आणि दगडावर केलेली चूक कागदावरच्या चुकीसारखी पुढच्या आवृत्तीत सुधारता येत नाही.

प्रथम गॅझेटिअरचे गुण मान्य केले पाहिजेत. अमुक देऊळ अमुक गृहस्थाने अमुक साली बांधले, त्यास सुमारे इतका खर्च आला, अशी तीन अंगांची नोंद त्यात पद्धतशीर दिलेली असते. आमच्याकडील स्थलवर्णनांतून यापूर्वी इतकीही शिस्त नव्हती. परंतु ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली, की मामलेदार कचेरीने गावातील वृद्धांस विचारून ती लिहून पाठविली, याचा निर्देश तीत नाही. ज्या संशोधकास एखाद्या पत्राची मिती जुळविण्याकरिता वार, नक्षत्र, शुहूर सन व राज्याभिषेक शक यांची झाडाझडती घेतल्याशिवाय चैन पडत नाही, तोच संशोधक देवळाचे साल मात्र या नोंदीवरून निमूटपणे उचलतो.

उदाहरणादाखल गणपती आळीच्या घाटावरील दोन देवळे घेऊ. काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधले व ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले, असे सर्वत्र सांगितले जाते. नावे संशयास्पद नाहीत. सालेही असंभाव्य नाहीत. परंतु 'बांधले' म्हणजे काय? पाया घातला ते साल, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली ते साल, की शिखरावर कळस चढला ते साल? भव्य शिखर व अखंड पाषाणाची मूर्ती असलेले हे काम नदीच्या पात्राला लागून आहे. ज्या जागी पावसाळ्याचे चार महिने पायाशी पाणी खेळते, तेथील असले काम एका वर्षाचे खास नव्हे. आता १७६२ हे साल समाप्तीचे धरले तर देवळाचा आरंभ पानिपतपूर्वीच्या भरभराटीत झाला, काम चालू असता १४ जानेवारी १७६१ चा घात झाला, जून महिन्यात नानासाहेब पेशवे वारले, आणि तरीही रास्त्यांनी हात आखडता न घेता काम तडीस नेले, असा अर्थ होतो. तेच साल आरंभाचे धरले तर अर्थ अगदी फिरतो : पेशवाईवर आकाश कोसळले असता, थोरल्या माधवरावांच्या पहिल्या वर्षीच, पेशव्यांच्या मातुल घराण्याने एवढे मोठे काम हाती घेण्याचे धैर्य व द्रव्य दाखविले. यांपैकी कोणते खरे यावर रास्ते घराण्याच्या सांपत्तिक व राजकीय इतिहासाचे एक प्रकरण अवलंबून आहे. पाटीवरील एका सालाने ते प्रकरण उघडत नाही. उलट बंद होते.

याच देवळाच्या मागील बाजूस माशाच्या आकाराची केलेली भिंत सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे. पुराचा लोंढा दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावा म्हणून ही योजना केली, असे सांगतात. स्पष्टीकरण बांधणीस शोभेल असे आहे व खरेही असेल. परंतु ते बांधणाऱ्या कारागिराचे की पाहणाऱ्या प्रवाशाचे, हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे. कारण आता धोमचे धरण वरच्या अंगास झाले असल्याने कृष्णेचा पूर पूर्वीच्या स्वभावाचा राहिलेला नाही, आणि डोळ्यांनी पाहून या योजनेची कसोटी घेण्याची संधी बव्हंशी गेली. राहिला तो कागदाचा मार्ग. पुराने घाटाची किती नासाडी झाली, कोणत्या साली कोणती भिंत नव्याने घातली, या नोंदी दुरुस्तीच्या जमाखर्चाखेरीज अन्यत्र मिळणाऱ्या नव्हेत.

इंग्रजी अमदानीतील पुरातत्त्वज्ञांचे लक्ष या वास्तूंकडे कमी होते, याचाही परिणाम विसरता येत नाही. वाईच्या जवळ लोहाऱ्याची बौद्ध लेणी आहेत. त्या काळच्या विद्वानांस रस होता तो अशा लेण्यांत, शिलालेखांत व यादवकालीन देवळांत. हेन्री कझिन्स यांची मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची सुधारलेली यादी १८९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पेशवाईतील वाडे तितके जुने मानले जात नव्हते व त्यांत माणसे राहत होती. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला व्यापक कायदा झाला. पुढे १९५८ चा केंद्राचा कायदा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. परंतु नजर एकदा जशी बसली तशीच बसली. गड, लेणी व देवळे ही स्मारके. वाडा हे खाजगी घर. जुलै १९२५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत वाईहून दूर नसलेला प्रतापगडही आहे. ही आनंदाची गोष्ट होय. पण ज्या घरांतून त्या किल्ल्यांची बेगमी, सबनिशी व हिशेब चालले ती घरे त्या यादीत नाहीत. (१९२५ सालाचा उल्लेख येथे सहज केलेला नाही; त्याचा संबंध पुढे येईल.)

आता मेणवली. वाईपासून कोसभर अंतरावर कृष्णेच्या काठी हे खेडे आहे. भवानराव प्रतिनिधी व रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून डिसेंबर १७६८ मध्ये ते नाना फडणीसांस मिळाले. तेथे नानांनी वाडा, नदीवर घाट, व विष्णु आणि मेणेश्वर यांची देवळे बांधली. वाडा सहा चौकांचा. चिरेबंदी जोते, वर सागवानी खांब, तुळया व कडीपाट, चुन्याच्या गिलाव्यावर रंगविलेली चित्रे, हे सर्व अद्याप पुष्कळसे टिकून आहे, आणि तेही सरकारच्या नव्हे, नानांच्या वंशजांच्या काळजीने. जिल्ह्यातील कित्येक नामांकित वाडे जमीनदोस्त झाले असता हा उभा आहे, याबद्दल त्या घराण्याचे ऋण सर्वांनी मानावे.

मेणवलीच्या वर्णनांत सर्वांत लोकप्रिय वस्तू म्हणजे मेणेश्वरासमोरील घंटा. तिच्यावर बाळ येशूसह मेरीमातेची आकृती असून १७०७ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर ही घंटा आणिली, ती सहाशे पन्नास किलो वजनाची आहे, असे प्रत्येक लेखक सांगतो. वजनाचा आकडा इतका नेमका आहे की तो कोणत्या तराजूवर निघाला हे विचारण्याचा मोह होतो; पण ते असो. घंटा पोर्तुगीजांच्या चर्चमधील लुटीपैकी असावी, हे तर्कास धरून आहे. नासिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर इत्यादी ठिकाणीही अशा घंटा आहेत व त्या वसईच्या मोहिमेशीच जोडल्या जातात. परंतु मेणवलीची कथा कालक्रमाने ताडून पाहावी. वसई पडली मे १७३९ मध्ये. चिमाजीअप्पा वारले डिसेंबर १७४० मध्ये. नानांचा जन्म फेब्रुवारी १७४२ चा. मेणवली नानांस मिळाली १७६८ अखेर. म्हणजे घंटा आणणारा पुरुष ही घंटा टांगणारा पुरुष जन्मास येण्यापूर्वीच निवर्तला होता, आणि वसईहून निघाल्यापासून मेणेश्वरापुढे टांगली जाईपर्यंत निदान तीस वर्षे ती दुसरीकडे कोठे तरी होती. पुण्यास सरकारी कोठीत होती? दुसऱ्या एखाद्या देवळात होती व तेथून उतरविली? नानांनी ती मागून घेतली, की पेशव्यांनी बक्षीस दिली? लुटीच्या वस्तू सरदारांत कशा वाटल्या गेल्या, परधर्मीयांच्या पूजास्थानातील वस्तू देवापुढे लावताना त्या काळच्या कर्मठ ब्राह्मणांनी काय विचार केला, या मोठ्या प्रश्नांस स्पर्श करणारी ती तीस वर्षे आहेत. आमच्या वर्णनकारांनी ती एका वाक्यात गिळून टाकली.

आणि या प्रश्नांची उत्तरे मिळावयाची तर ती ज्या ठिकाणी मिळावयाची ते ठिकाण मेणवलीस आता नाही. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे मेणवलीसच राहिल्या व १८५४ पर्यंत होत्या. घरात कर्ते माणूस होते म्हणूनच त्या उलथापालथीच्या काळात नानांचे दप्तर वाड्यात राहिले. पुढे ते रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले. पारसनिसांनी 'इतिहाससंग्रहा'तून त्यातील निवडक कागद छापले; त्यांच्या संग्रहाचे साताऱ्यास १९२५ साली ऐतिहासिक संग्रहालय झाले; १९२६ साली ते वारले; आणि १९३९ साली संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. मेणवली, सातारा, पुणे. प्रत्येक मुक्कामी कागद अधिक सुरक्षित होत गेला व आपल्या वाड्यापासून अधिक दूर गेला.

पारसनिसांवर दोषारोप करण्याचा येथे हेतू नाही. दप्तर मेणवलीसच राहिले असते तर ते वाचले असते, अशी हमी कोण देईल? १९४८ साली महात्माजींच्या वधानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जी जाळपोळ झाली तीत कितीतरी वाडे व त्यांतील दप्तरे राख झाली. त्यापूर्वीही वाळवी, गळके छप्पर व रद्दीवाला हे तीन शत्रू घरोघर होतेच. ज्या कागदांस कोणी हात लावला नाही असे कागद आज कोठेच नाहीत. तेव्हा कागद हलविले हा अपराध नव्हे. परंतु हलविताना जे दोन दोष घडले ते आमच्या सर्वच संग्राहकवर्गाचे आहेत व ते अद्याप चालू आहेत, म्हणून स्पष्ट बोलणे प्राप्त आहे.

पहिला दोष, मूळ ठिकाणाची नोंद न ठेवण्याचा. कागद कोणत्या घरातून आला इतके तरी बहुधा कळते, पण घरातील कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी तो होता हे कळत नाही. जुन्या कारकुनाने बांधलेला रुमाल ही एक रचना असते. घाटाच्या कामाची याद, चुन्याच्या भट्टीची पावती व पाथरवटांच्या रोजमुऱ्याची फर्दी त्याने एकत्र बांधली असेल तर त्या एकत्र असण्यातच माहिती आहे. रुमाल सोडून विषयवार गठ्ठे केले की ती माहिती कायमची जाते. वाड्याचे खांब उतरवून ते लांबीप्रमाणे रचून ठेवावे, त्यातला हा प्रकार होय.

दुसरा दोष याहून मोठा. आम्ही पत्रे वेचली व हिशेब टाकले. दिल्लीच्या बातम्या, निजामाशी तह, शिंदे-होळकरांचे वैमनस्य यांची पत्रे म्हणजे इतिहास. आणि सुतारास दिलेल्या शेला-पागोट्याची नोंद म्हणजे घरचा बाजार, अशी वर्गवारी आमच्या मनात पक्की होती. राजवाड्यांसारखा, क्षुल्लक चिठोरेही टाकू नये म्हणणारा पुरुष विरळा. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडीचे पंचेचाळीस भाग निघाले. त्या कामाची थोरवी निर्विवाद आहे, परंतु तेथेही निवडणाराची दृष्टी मुख्यत्वे राजकारणावरच होती. परिणाम असा झाला की पेशव्यांच्या फडणिसाने कोणास काय लिहिले हे आपण सांगू शकतो, पण त्याच फडणिसाच्या दिवाणखान्याची चित्रे कोणी काढली हे सांगू शकत नाही. हिशेबाच्या बाबतीत अख्ख्या पेशवाईत ज्याचा हात धरणारा नव्हता त्याच्याच घराची ही गत व्हावी, हे विचित्र खरे.

हिशेबी कागदांचे वास्तुरक्षणाशी नाते किती निकटचे आहे हे ज्यांनी इमारत खात्याच्या कीर्दी थोड्याशा चाळल्या आहेत त्यांस सांगणे नको. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग यांपैकी काय व किती घातले. चुना मळण्याच्या घाणीस किती बैल व किती दिवस लागले. साग कोणत्या रानातून आला. गवंडी, बेलदार, पाथरवट, सुतार, चितारी यांची नावे काय. यांची उत्तरे देणारा साक्षीदार हाच. मापांचेही तसेच. जुने कारागीर गज व तसू यांत विचार करीत; चोवीस तसूंचा गज. वाडा ते खणांनी मोजीत, म्हणजे दोन खांबांमधील अंतर हा त्यांचा एकम. आज वाड्याचा नकाशा मीटरमध्ये काढला म्हणजे अपूर्णांकांचे जंगल दिसते व खोल्या वेड्यावाकड्या वाटतात. तोच नकाशा खणांत मांडला की रचना एकदम सरळ होते, आणि नंतर ठोकलेली भिंत कोणती हे खण मोडला आहे त्यावरून डोळ्यांत भरते. दुरुस्ती करणाराने ही गोष्ट जाणली नाही तर तो मागाहून घातलेली भिंत जतन करतो व मूळचा खांब काढतो.

द्रव्यांचे अज्ञान तर रोजच नडते. चुन्याचा गिलावा ओल शोषतो व हवेत सोडून देतो. भिंत जणू श्वास घेते. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाकडे येतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंट तर सुटतेच, पण त्यासोबत मूळ गिलावा व त्यावरील चित्रही उतरते. काळ्या पाषाणावर तैलरंग चढविण्याची जी हौस देवळांच्या विश्वस्तांस आहे तिचा परिणाम असाच. आणि तो रंग काढण्याकरिता वाळूचा मारा केला की टाकीच्या कामाची धारच झिजते. गाभाऱ्यांत चिनी मातीच्या फरश्या बसविणे, घाटाच्या दगडी पायऱ्यांवर काँक्रीट ओतणे, हे प्रकार कृष्णाकाठीच काय, गोदाकाठी व भीमाकाठीही चालू आहेत. हे करणारांची भक्ती खोटी नाही. त्यांना सांगावयास कोणी जात नाही, आणि जो जातो त्याच्या हाती 'पूर्वी येथे असे होते' हे दाखविणारा कागद नसतो.

देवळे टिकली व वाडे पडले, याचे कारण लोकांची धर्मबुद्धी असे सहसा देण्यात येते. ते अपुरे आहे. खरे कारण उत्पन्नात शोधावे लागेल. देऊळ व वाडा दोन्ही इनामांच्या उत्पन्नावर उभी होती. १९४८ च्या कूळकायद्याने जमीन कसणाराकडे गेली व १९५२ च्या कायद्याने खाजगी इनामे नष्ट झाली. देवस्थान इनामे मात्र त्या कायद्यातून वगळली गेली. म्हणजे एकाच रास्त्याने बांधलेल्या देवळास दिवाबत्तीपुरते का होईना उत्पन्न राहिले, आणि शेजारच्या वाड्याचे कौल फिरविण्यासही पैसा उरला नाही. या कायद्यांनी कुळांस न्याय मिळाला, यात वाद नाही. पण कर चुकला म्हणून घर पडले असे न म्हणता, घराचे पोट ज्या जमिनीवर चाले ती गेली म्हणून पडले, एवढे तरी वर्णनकाराने लिहावे. त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रणाने भाडे गोठले व वारसांचे हिस्से तिसऱ्या पिढीत पंधरा-वीस झाले. अशा वाड्याच्या धन्यास 'वारशाविषयी अनास्था' असल्याचा शेरा मारणे सोपे आहे.

मग वाडा विकला जातो, आणि येथे संग्राहकवर्गाचा पुन्हा संबंध येतो. नक्षीचे खांब, हस्त, गणेशपट्ट्या, दिंडीदरवाजे मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात जातात व तेथून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत. त्यांतल्या त्यात भाग्यवान वस्तू संग्रहालयात पोचतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल, जो कोथरूडच्या अवशेषांवरून पुन्हा उभारला, हे त्याचे उत्तम उदाहरण. कै. दिनकर केळकरांनी ते काम केले नसते तर आज काहीच उरले नसते. तथापि खांब हा कोणत्या चौकाचा, कोणत्या खणाचा, हे न लिहिता विकत घेणारा आणि पत्र कोणत्या रुमालातले हे न लिहिता विकत घेणारा, यांच्यात तत्त्वतः भेद नाही. आमच्यापैकी अनेकांच्या घरी दोन्ही प्रकारच्या वस्तू आहेत.

मेणवलीच्या वाड्याची कीर्ती अलीकडे चलच्चित्रांनी वाढविली आहे. २००४ च्या 'स्वदेस' या चित्रपटानंतर तेथे येणारे पुष्कळ लोक नानांपेक्षा नटाविषयीच चौकशी करतात, अशी तक्रार जुन्या मंडळींकडून ऐकू येते. प्रस्तुत लेखकास तीत फारसा अर्थ दिसत नाही. चित्रीकरणाने घराला चार पैसे मिळत असतील व त्यातून कौले शाकारली जात असतील, तर नानांनी तो जमा बाजूस बिनतक्रार लिहिला असता.

राहता राहिले कर्तव्याचे. संग्रहांच्या याद्या आज व्यक्ती व विषय यांच्या अनुक्रमाने आहेत. त्यांस घरांची व गावांची सूची जोडावी, म्हणजे वाईचा कागद शोधणारास तो कोठेही असला तरी सापडेल. अद्याप घरोघर असलेले जे रुमाल यापुढे उघडले जातील त्यांची छायाचित्रे सोडण्यापूर्वी घ्यावी व कागदांचा मूळचा क्रम लिहून ठेवावा. ज्या घराचे दप्तर बाहेर गेले त्या घरी, अथवा त्या गावच्या ग्रंथालयात, त्याच्या प्रतिमांचा एक संच परत पाठवावा. पूर्वी हे दुर्घट होते, आता अल्प खर्चात होण्याजोगे आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक कामावर स्थापत्यशास्त्रज्ञासोबत एक मोडी वाचणारा असावा व त्याने काम सुरू होण्यापूर्वी त्या घराण्याचे हिशेब पाहिले असावेत. आणि जी दुरुस्ती आज होईल तिचीही कीर्द लिहिली जावी : कोणता दगड बदलला, कोणत्या चुन्याने सांधला, कोणाच्या हाताने. शंभर वर्षांनी येणाऱ्या परीक्षकास आमची दुरुस्ती व नानांची बांधणी वेगळी ओळखता आली पाहिजे.

या सर्वांतील जे काम लगेच हाती घेता येईल ते असे. पारसनिसांच्या संग्रहातील मेणवलीचे हिशेबी कागद, निदान १७६९ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांचे, एका जाणत्या मोडीवाचकाने क्रमाने पाहावे व घाट, वाडा, दोन्ही देवळे यांच्या खर्चाच्या नोंदी उतरून काढाव्या. घंटेची वाहतूक करण्यास गाडे, बैल व माणसे लागली असणार, तिच्याकरिता बांधकाम करावे लागले असणार. त्याचा खर्च फडणिसाच्या घरी लिहिल्यावाचून राहणे संभवत नाही. तसेच रास्ते घराण्याच्या कागदांतून १७५५ ते १७६५ ची वर्षे पाहावी. त्या नोंदी मिळाल्यास या त्रैमासिकाने त्या मुळाबरहुकूम छापाव्या. आणि तोपर्यंत घाटावरील पाट्यांवर सालाच्या अगोदर 'सुमारे' हा एक शब्द घालण्याची विनंती देवस्थानाच्या विश्वस्तांस करावी.